सुपारीएवढा गूळ

काहिलीतला रस आटत आला की त्याचा आवाज बदलतो. आरंभी तो पाण्यासारखा खळखळतो, मग फेस वर चढतो, रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकली जाते, आणि शेवटी जाड बुडबुडे फुटू लागतात तेव्हा तोच आवाज दबका आणि घोगरा होतो. त्या आवाजावरून आमचे गुळवे मामा चुलवाणातला जाळ कमी करायला सांगत, थंड पाण्याच्या वाटीत रसाचे चार थेंब सोडत आणि बोटांत त्याची गोळी वळते का ते पाहत. गोळी वळली की काहील वाफ्यात, म्हणजे गूळ आळायला ओततात त्या उथळ हौदात, रिकामी होई. आम्ही मुले उसाची कांडकी हातात धरून वाफ्याच्या कडेला बसलेली असायचो. कडेला चिकटलेला, अजून पुरता न आळलेला कोमट गूळ त्या कांडक्याने खरवडून खाताना जी चव जिभेवर बसली, ती पन्नास वर्षांनंतरही तशीच आहे. माझे माहेर कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे आणि मी गुऱ्हाळावर वाढलेली मुलगी आहे. गेली बारा-एक वर्षे मला मधुमेह आहे.

२०१४ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझ्या चष्म्याचा नंबर दर दोन महिन्यांनी बदलू लागला आणि रात्री तीन-तीन वेळा उठावे लागू लागले, म्हणून रक्त तपासले. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२ आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ८.९ टक्के. त्याच वर्षी कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले होते. आमच्या घरी त्या बातमीचा आनंद साजरा झाला तेव्हा मी माझा कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला होता आणि तो कोणालाही दाखवला नव्हता.

का दाखवला नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला लाज वाटत होती. माझे वजन बावन्न किलो होते, शाळेत दिवसभर उभी राहून शिकवत होते, आणि तरीही ‘साखर’ झाली म्हणजे मी चोरून, हावरटासारखे खाल्ले असणार, असे लोकांना वाटेल ही भीती होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाबतीत किती मोलाचे काम केले आहे, हे मला फार उशिरा कळले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले एक छायाचित्र छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते आणि तिची बीजे आईच्या पोटात असल्यापासूनच पडू शकतात, हे त्यांच्या अभ्यासांनी दाखवून दिले. हे मला २०१४ सालीच कोणी सांगितले असते, तर माझी चार वर्षे वाचली असती.

ती चार वर्षे मी चोरून खाण्यात घालवली. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले त्यांनी माझ्याकडे न पाहता कागदावर गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, “जिभेवर ताबा ठेवा, बाई.” मी तो उपदेश मनापासून मानला. घरातली साखर बंद केली, गूळ बंद केला, भात बंद केला, दुपारच्या डब्यात दोन फुलके आणि कोरडी भाजी एवढेच नेऊ लागले. आठ दिवस, कधी पंधरा दिवस हा निग्रह टिके. मग एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा न लावता, तांदळाच्या पिंपामागे ठेवलेला डबा चाचपून काढी आणि ढेपेचा खडा तोंडात टाकी. एका खड्यावर थांबणे मला जमत नसे. अंधारात खाल्लेल्या त्या गुळाची चव लागत नाही, फक्त तो संपतो. सकाळी उठल्यावर मी ग्लुकोमीटरला हात लावत नसे, कारण आकडा काय येणार ते मला ठाऊक असे, आणि न मोजलेली साखर म्हणजे न खाल्लेली साखर असे काहीतरी मी मनाशी धरून बसले होते.

२०१८ साली मुलाचे लग्न झाले. सून घरात येऊन दोन महिने झाले होते; एका रात्री ती पाणी प्यायला उठली आणि तिने मला त्या डब्यासह पाहिले. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझ्यासमोर एक शंभर पानी वही ठेवली आणि म्हणाली, “आई, काय खाल्लं, किती खाल्लं ते यात लिहू नका. कधी खावंसं वाटलं तेवढं लिहा. खाल्लं नाही तरी लिहा.” तिने स्वतःच्या हाताने तीन रकाने आखून दिले होते: तारीख, वेळ आणि ‘त्या वेळी काय चाललं होतं’.

मधुमेहाविषयी मी पुढे बरेच वाचले, चांगले डॉक्टरही भेटले, औषधे बदलली. पण गोडाच्या तलफेविषयी मला जे काही समजले आहे, ते त्या वहीतून समजले. तीन आठवड्यांनी आम्ही दोघींनी ती पाने वाचली, तेव्हा दिसले की मला दिवसभर गोड खावेसे वाटतच नव्हते. मला वाटत होते की ही वासना अष्टौप्रहर माझ्या मागे लागलेली आहे. वहीत मात्र तिच्या तीनच वेळा होत्या: दुपारी साडेचार, जेवण झाल्या झाल्या, आणि रात्री अकरानंतर. ज्या शत्रूची येण्याची वेळ आणि वाट ठाऊक असते त्याची धास्ती निम्म्याने कमी होते. पुढे तर त्यातला एक शत्रू नसून भूक आहे, आणि दुसरी सवय आहे, असेही उलगडले.

साडेचारची तलफ म्हणजे भूक होती. साडेबाराला दोन फुलके खाऊन मी संध्याकाळच्या साडेसातपर्यंत काढत होते आणि मध्ये शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेत होते. चहात दोन चमचे साखर, असे दिवसाला चार कप. एका चमच्यात साखर चार ते पाच ग्रॅम मावते, म्हणजे चहातूनच बत्तीस ते चाळीस ग्रॅम साखर पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली निरोगी प्रौढ माणसालाही वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. मी गूळ-साखर सोडली असे म्हणत होते तेव्हा चहाला मी गोडात धरलेच नव्हते, आणि घरोघरी हे असेच चालते. साखर एकदम बंद करून मी याआधी तीनदा हरले होते. या वेळी दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी केला. अडीच महिन्यांनी चहा बिनसाखरेचा झाला, आणि त्यानंतर एका लग्नघरी नेहमीचा चहा हातात आला तेव्हा तो मला पाकासारखा लागला. जीभ शिकते, तिला फक्त घाई चालत नाही.

डबाही बदलला. फुलक्यांच्या जागी एक ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, काकडी नाहीतर मुळ्याची कोशिंबीर आणि छोट्या बाटलीत ताक. चार वाजता मूठभर फुटाणे आणि थोडे भाजलेले शेंगदाणे. दोन आठवड्यांत साडेचारच्या नोंदी वहीतून जवळजवळ नाहीशा झाल्या. ज्याला मी चार वर्षे जिभेचा चोचला म्हणत होते, ते पोट अन्न मागत होते. ‘कमी खा’ एवढेच सांगून माणसाला घरी पाठवणारा सल्ला किती घातक असतो, हे मला तेव्हा कळले, आणि त्याचा मला आजही राग येतो.

जेवणानंतरची तलफ वेगळी होती. पोट भरलेले असे, तरी जेवण संपले असे वाटत नसे. माझ्या माहेरी जेवण उरकल्यावर आई प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. तो विरघळला की उठायचे. जेवण संपल्याची खूणच ती. ती खूण पुसून टाकली आणि जागा मोकळी ठेवली, तर मन त्या जागेपाशी घुटमळत राहणारच. म्हणून मी तिथे दुसरी खूण ठेवली. आता शेवटी वाटीभर ताक पिते, जिरेपूड आणि चवीपुरते मीठ घालून, आणि लवंग तोंडात टाकून शतपावलीला निघते. शतपावली हा शब्द आपल्याकडे किती पिढ्यांपासून आहे! मी त्याकडे वडीलधाऱ्यांची हौस म्हणून पाहत होते. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे गल्लीत चालून आले तरी आकड्यात फरक पडतो. मी तो फरक मोजून पाहिला आहे. तेच ताट आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी आणि सर्वांत शेवटी भात अशा क्रमाने जेवले, तरीही साखर कमी चढते. आणि घराला एक फेरी होईपर्यंत गुळाची आठवण बहुधा मागे पडलेली असते.

आता गुळाविषयी लिहायलाच हवे. ‘साखर नको, गूळ चालतो’ हे वाक्य मी इतक्या माणसांकडून ऐकले आहे, आणि इतक्या प्रेमाने बोललेले ऐकले आहे, की ते खरे असावे असे मला मनापासून वाटत होते. कोणाला वाटणार नाही? माझे शिक्षण, माझ्या लग्नाचा खर्च, घरावरचे कौल, सगळे गुळावर झालेले. गुळात लोह असते, खनिजे असतात, तो रसायनाविना करता येतो, हे सारे बरोबर आहे. पण गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, आणि त्यातला बहुतेक भाग साखरेचाच असतो. मी घरी मोजून पाहिले. सकाळी उपाशीपोटी १२८ होते. बिनसाखरेच्या चहाबरोबर वीस ग्रॅम गूळ खाल्ला आणि तासाने १९० आले. दोन दिवसांनी तेवढीच साखर खाल्ली, तेव्हा १३१ वरून १९६ झाले. पुढच्या आठवड्यात दोन्ही पुन्हा केले आणि फरक तितकाच किरकोळ राहिला. एका बाईच्या चार सकाळींनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र त्या चार आकड्यांनी माझ्या मनातली पळवाट बंद केली. मध, खजूर, अंजीर बर्फी यांचेही तेच. ‘साखर न घातलेली’ मिठाई म्हणून जी खोकी दिवाळीत येतात, त्यांत खवा, मैदा, तूप आणि सुका मेवा असतोच, आणि गोडी कुठूनतरी आणलेली असतेच. कृत्रिम गोडीच्या गोळ्या मी काही महिने चहात घालून पाहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत असे सुचवले, पण ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना उद्देशून नव्हती. मी त्या वेगळ्या कारणासाठी सोडल्या: त्यांनी माझी जीभ तितकीच गोड राहत होती.

एकदा मात्र साखर हेच माझे औषध ठरले, आणि तो प्रसंग प्रत्येक मधुमेही घरात माहीत असावा असे मला वाटते. त्या काळात स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावणारी एक गोळी मला सुरू होती. शाळेत परीक्षेच्या गडबडीत जेवण लांबले. दोनच्या सुमारास हातातला खडू थरथरू लागला, मानेमागे घामाची धार लागली, छातीत धडधडू लागले आणि समोरच्या मुलांची नावे आठवेनात. मनात एकच गोष्ट होती, गोड हवे. मी ती नेहमीची तलफ समजून दाबत होते. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला, पर्समधला मीटर काढायला लावला, आणि आकडा ५८ आला. सत्तरच्या खाली गेले म्हणजे शरीर धोक्यात असते. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, ८४ आल्यावर मला डबा उघडायला लावला. अशा वेळी चॉकलेट किंवा बर्फी उपयोगाची नसते, कारण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते, आणि अवेळी, अचानक, घामासकट आलेली ओढ मी आधी मोजते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ती गोळीही बदलून दिली.

रात्री अकरानंतरची तलफ मी सर्वांत शेवटी लिहिते आहे, कारण तिच्यावर मला पूर्ण उपाय सापडलेला नाही. वहीत त्या नोंदींपुढे तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मी ‘काही नाही’ असे लिहिले होते. सुनेने ती पाने उलटताना विचारले, “काही नाही म्हणजे काय, आई?” मग मला सांगावे लागले. २०१७ साली हे गेले. रात्री बातम्या संपल्या की हे शेंगदाणे सोलून त्यांची सालपटे फुंकरीने उडवत, गुळाचा खडा अडकित्त्याने फोडत आणि दोन सारखे वाटे करत. मी नको म्हटले तरी माझा वाटा माझ्यासमोर असे. अकरा वाजता मला गूळ हवा असे, ते गुळासाठी नव्हते. हे समजल्याने ओढ थांबली, असे मी म्हणणार नाही. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, दुसऱ्या दिवशी गोडाकडे मन अधिक धावते आणि रक्तातली साखरही बिघडते, म्हणून मी साडेदहाला अंथरुणावर जायचे ठरवले आहे. शेंगदाणे मी अजून सोलते, आठ-दहाच, दिवा लावून, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून. काही रात्री तेवढ्याने भागते. काही रात्री भागत नाही. मग मी वहीत वेळ लिहिते, आणि तिसऱ्या रकान्यात आता ‘काही नाही’ असे लिहीत नाही.

सणावारांचे मला पूर्वी फार भय असे. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आमच्याकडे पुरणपोळी, गुळवणी आणि कटाची आमटी होतेच. ताटावर बसले की एका बाजूने आग्रह होई, “एका पोळीनं काय होतंय?” आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणे, “तुम्हाला चालत नाही ना?” आग्रहाने साखर वाढते आणि दुसऱ्या वाक्याने माणूस चोरून खायला शिकतो, माझ्या अनुभवात दुसरे जास्त वाईट. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आले. पंगतीत एवढी माणसे एकमेकांच्या शेजारी जेवत असताना ताटातल्या गोडावरून कोणाची झडती घेऊ नये, एवढे तरी आपल्याला जमावे. आता बेंदराच्या दिवशी मी आधीच सांगून टाकते की अर्धी पोळी, दुधाबरोबर, गुळवणी नको. त्या दिवशी भात घेत नाही आणि कटाची आमटी दोन वाट्या पिते. पुरणात जायफळ-वेलदोडा थोडा जास्त घातला की गूळ पाऊणपट पुरतो, हे सुनेने शोधून काढले, आणि घरातल्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही. गेल्या तपासणीत एचबीए१सी ६.९ आले.

या जानेवारीत माहेरी गेले होते. गावात पूर्वी सात गुऱ्हाळे होती, आता दोन उरली आहेत, आणि त्यातले एक धाकटा भाऊ अजून नेटाने चालवतो. दुपारी वहिनीने पिठले-भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. जेवून आम्ही गुऱ्हाळावर गेलो तेव्हा दिवसाचे शेवटचे आधण उतरत होते. तोच घोगरा आवाज, तीच पाण्याच्या वाटीतली गोळी. गुळवे मामांचा नातू आता काहिलीपाशी उभा असतो. भावाने वाफ्याच्या कडेचा गूळ कांडक्यावर घेतला आणि हात अर्ध्यावर थांबवून माझ्याकडे पाहिले. “आक्का, देऊ का?”

“सुपारीएवढा दे,” मी म्हटले.

त्याने तेवढाच काढून दिला. कोमट होता, दातांना किंचित चिकटत होता, आणि मागाहून जिभेवर किंचित खारट चव आली, जी शहरातल्या ढेपेला कधी येत नाही. मी तो उजेडात, सगळ्यांसमोर, सावकाश खाल्ला. दुसरा मागावासा वाटला, मागितला नाही. मग दोघे उसाच्या बांधाने विहिरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. जेवणाला दोन तास झाल्यावर पडवीत बसून बोट टोचले.

“किती आलं?” भावाने विचारले.

“एकशे बहात्तर.”

वही काढून तारीख लिहिली, वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यात लिहिले: भावाचे गुऱ्हाळ, शेवटचे आधण, वाऱ्यावर चिपाडाचा धूर.